एकशे ब्याण्णव वाक्यं

शिवणकाम करणाऱ्या बाई बूथमधून बाहेर आल्या त्या हसतच. हेडफोननं विस्कटलेले केस त्यांनी हातानं बसवले आणि म्हणाल्या, "एवढंच होतं होय? मी आपली उगाच धास्तावले. आमची भावजय म्हणाली होती, तिथं परीक्षा घेतात म्हणून."

"परीक्षा नाही हो. तुम्ही कसं ऐकता, एवढंच बघायचं असतं," धाकटी म्हणाली.

हे वाक्य ती दिवसातून चार-पाचदा म्हणायची. म्हणून म्हणून ते इतकं गुळगुळीत झालं होतं की ते आपण म्हटलं की नाही, हेही तिला नंतर आठवत नसे. घरात तिला सगळे धाकटी म्हणत. चाळिशी जवळ आली, चष्मा लागला, तरी धाकटीच. विद्यापीठातल्या या दोन खोल्यांत ती गेली चार वर्षं काढत होती. बाहेरच्या खोलीत टेबल, कपाट आणि संगणक. आतली खोली म्हणजे बूथ, भिंतींना स्पंज, जाड दार आणि मध्ये एक काच. ऐकायला आलेल्या माणसानं आत बसायचं आणि वाक्यं ऐकायची. प्रत्येक वाक्यात दोन अर्थांचा एक शब्द असायचा आणि समोर पडद्यावर दोन चित्रं. 'त्यानं पान उलटून पाहिलं, तर मागे कीड होती.' 'त्यानं पान उलटून पाहिलं, तर मागे कोरं होतं.' एक चित्र झाडाच्या पानाचं, दुसरं वहीच्या. अर्थ पक्का झाला असं वाटलं की त्या चित्राचं बटण दाबायचं. माणूस वाक्य संपेपर्यंत दोन्ही अर्थ हाताशी ठेवतो की मध्येच एक पकडून दुसरा सोडून देतो, एवढाच सगळा प्रश्न होता. अशा शहाण्णव जोड्या, म्हणजे एकशे ब्याण्णव वाक्यं.

"अवघड गेलं का कुठं?" तिनं कागदावर सही घेता घेता विचारलं.

"अवघड कसलं? ते गृहस्थ आधीच सांगतात की."

"काय सांगतात?"

"अहो, कुठलं पान ते. झाडाचं असलं की 'पान' म्हणायच्या आधी जरा थांबतात. वहीचं असलं की सरळ पुढं जातात. सगळ्याच शब्दांना तसं. चार-पाच वाक्यांत माझ्या ध्यानात आलं." बाईंनी पर्स खांद्याला लावली. "आमच्या शाळेत एक गुरुजी होते, ते शुद्धलेखन घालताना अस्संच करायचे. फसवा शब्द आला की थांबून वर्गाकडे बघायचे. आम्ही समजायचो, आता जपून लिहायचं. यांचा तर चेहराही दिसत नाही, पण बघताहेत असं वाटतं बघा."

धाकटीच्या हातातलं पेन तसंच राहिलं.

"पुन्हा लागलं तर सांगा हं," बाई दारातून म्हणाल्या. "बसून ऐकायचं काम मला आवडलं. घरी उभ्या उभ्या ऐकावं लागतं."

दार लागलं. धाकटी खुर्चीत बसली. दमलेली तर ती होतीच. गेले सात महिने ती सकाळी उठायची तीच दमलेली उठायची. पण आता ती दमली म्हणून बसली नव्हती.

वाक्यं वाचणारे ते गृहस्थ म्हणजे तिचे वडील.

चौतीस वर्षं त्यांनी चौथीच्या वर्गाला शिकवलं होतं. ठरलेला वाचक गेल्या वर्षी ऐन वेळी आला नाही, तेव्हा जेवताना धाकटी कुरकुरत होती, आणि बाबा म्हणाले होते, "वाचायचंच आहे ना? मी वाचतो. दुसरं काय केलंय मी आयुष्यभर?" तीन दुपारी ते बूथमध्ये बसले. इस्त्रीचा शर्ट, शेजारी पाण्याचा तांब्या, हातात वाक्यांचे कागद. कागद त्यांनी आदल्या रात्री घरी नेऊन दोनदा वाचले होते. तयारीशिवाय वर्गावर जायचं नाही, हा त्यांचा नेम. त्यानंतर दोन महिन्यांनी त्यांच्या फुप्फुसात पाणी निघालं, पाण्यामागचं खरं कारण निघालं, आणि पाच आठवड्यांत सगळं आटोपलं.

उरला तो त्यांचा आवाज. आणि निकाल फार चांगले येत होते. लोक वाक्य अर्ध्यावर असतानाच बटण दाबत होते, आणि बरोबर दाबत होते. तिच्या मार्गदर्शक मॅडम खूश होत्या. कान किती घाईनं आणि किती अचूक निर्णय घेतो, असा सारांश लिहून त्यांनी एका परिषदेला पाठवला होता आणि तो मंजूरही झाला होता. घाईनं ठीक आहे, पण बरोबर कसं? पुढचं ऐकल्याशिवाय बरोबर ओळखायला वाक्यात काही नव्हतंच. हा प्रश्न धाकटीला पडायला हवा होता. पण त्या महिन्यांत तिला कसलेच प्रश्न पडत नव्हते. बँकेतून फोन आला तरी ती "हो, हो" म्हणून ठेवून द्यायची.

तिनं पानाची दोन वाक्यं पडद्यावर एकाखाली एक उघडली. आवाजाची रेघ थरथरत पुढं जात होती. खालच्या वाक्यात ती सरळ 'पान'मध्ये शिरली. वरच्यात, शब्दाच्या तोंडाशी, सेकंदाच्या दहाव्या भागाएवढी सपाट झाली. मग तिनं पट्टीची जोडी काढली. 'तिनं पट्टी बदलली आणि जखम झाकली.' 'तिनं पट्टी बदलली आणि गाणं पुन्हा सुरू केलं.' गाण्याच्या पट्टीआधी तसाच थांबा. जो अर्थ वर्गात कमी यायचा, त्याच्या आधी बाबा थांबत होते. पोरं अडखळू नयेत म्हणून.

दुपारभर ती मोजत राहिली. बहुतेक जोड्यांत तेच.

वाईट हे नव्हतं. वाईट हे होतं की वाक्यं सपाट, एकसारखी वाचली आहेत ना, हे वाचणाऱ्याशिवाय दुसऱ्या कुणीतरी ऐकून ठरवायचं असतं, आणि ते तिनंच ठरवलं होतं. काचेबाहेर बसून एकशे ब्याण्णव खुणा केल्या होत्या: ठीक, ठीक, ठीक. तिला खरंच ठीक वाटलं होतं. बोलणं म्हणजे काय हे तिला ज्या आवाजातून कळलं तो हाच. अवघड शब्दाआधी माणूस थांबतोच, अशी तिच्या कानाची लहानपणापासूनची समजूत. दुसऱ्या कुठल्याही माणसाच्या कानाला खटकलं असतं ते तिच्या कानाला सपाट वाटलं.

संध्याकाळी तिनं ताईला फोन केला. ताईचं औषधांचं दुकान. तिच्याशी बोलायचं म्हणजे गिऱ्हाइकांच्या फटीतून बोलायचं.

"थांब गं एक मिनिट. काका, ही रिकाम्या पोटी नाही घ्यायची. नाही, चहा म्हणजे पोटात काही नसल्यासारखंच. हं, बोल."

धाकटीनं सांगितलं.

"मग झालं काय त्यात? लोकांनी बरोबर ओळखलं. चांगलंच की."

"ओळखायला नको होतं त्यांनी."

"तुझं सगळं उलटंच असतं बाई. आमच्याकडे बरोबर गोळी दिली की शाबासकी मिळते."

"ताई, ही सगळी वाक्यं बाद होतील."

ताईच्या मागं कुणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं. "कुणाकुणाला कळलंय हे?"

"एका बाईंना. ऐकायला आल्या होत्या."

"त्या काय तुझ्या मॅडमना फोन करून सांगणार आहेत?"

"नाही."

"मग गप्प बस ना. तुझा अभ्यास होतोय, मॅडमचं काम होतंय, आणि शेवटी बाबांचं नाव छापून येतंय. वाक्यवाचन अमुक अमुक. दूधवाल्यापासून सगळ्यांना सांगून झालं होतं त्यांचं, माझा आवाज विद्यापीठात ठेवलाय म्हणून. इस्पितळात त्या नर्सला सांगत होते, नाकात नळी असताना. आणि तू त्यांना बाद करणार?"

"त्यांना नाही. वाक्यांना."

"तुझ्या लेखी वेगळं असेल. माझ्याकडे त्यांचं आता दुसरं काही बोलणं आहे का? एक रेकॉर्ड नाही. आपल्याला सुचलंच नाही." मग तिचा आवाज नेहमीसारखा कडक झाला. "तुला काय करायचं ते कर. मला विचारू नकोस, आणि करून झाल्यावर सांगूही नकोस."

पुढचे तीन दिवस धाकटीनं काही केलं नाही. मॅडमना शुक्रवारपर्यंत तक्ते हवे होते आणि तक्ते तयारच होते. पाठवायला एक बोट लागलं असतं. ऐकायला माणसं येत होती, तीही ती थांबवू शकली नाही. एक निवृत्त टपालवाले आले, मग एक घर रंगवणारा, मग दोन कॉलेजातल्या मुली, एकमेकींना ढोसत. धाकटी काचेबाहेर बसायची. पूर्वी तिला काचेपलीकडे एक माणूस दिसायचा, बटण दाबणारा. आता तिला बाबांचा थांबा दिसायचा. शब्द यायच्या आधी टपालवाल्यांची मान किंचित वर व्हायची. रंगारी भुवई उडवायचा. मुलींचं बोट बटणावर जाऊन तयार राहायचं. सगळे जण बाबांच्या वर्गात बसले होते आणि बाबा सगळ्यांना सांभाळून पुढं नेत होते. एकदा दिसल्यावर ते न दिसायचं कसं, हे तिला कळेना. तीन दिवसांत ती त्या बघण्यानंच थकली. शुक्रवारी सकाळी ती तक्त्यांऐवजी स्वतःच मॅडमच्या खोलीत गेली.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला, डोळे चोळले, परत लावला.

"किती जोड्यांत?"

"बहुतेक सगळ्याच."

"ऐकून पास कुणी केली होती?"

"मी."

"हं." मॅडमनी खिडकीकडे बघितलं. "वडील वाचणार आणि मुलगी तपासणार, हे मला तेव्हाच खटकलं होतं. पण गुरुजी असे नटूनथटून आले होते, पाण्याचा तांब्या घेऊन, की नाही म्हणायचं माझ्या जिवावर आलं. म्हणजे यात मीही आहे." त्यांनी समोरचा कागद पालथा घातला. "परिषदेला मी कळवते. नवा वाचक बघू. वर्षभर मागं गेलो आपण, दुसरं काय. तू नोंदवहीत बाद करून टाक सगळी. रीत माहीत आहे ना?"

रीत माहीत होती. पूर्वी कुणीतरी चांगली वाक्यंही न ऐकता एका फटक्यात फेकून दिली होती, तेव्हापासून विभागात नियमच होता: ऐकल्याशिवाय बाद नाही. प्रत्येक वाक्य दोघांनी मिळून पुरतं ऐकायचं, कारण लिहायचं, आणि दोघांनी सह्या करायच्या.

दुसरा माणूस म्हणजे भोंगा. ध्वनिमुद्रणाचं यंत्र सांभाळणारा. बोलतो इतका हळू की समोरच्याला वाकावं लागतं, म्हणून नाव भोंगा. बाबांचं मुद्रणही त्यानंच केलं होतं. सोमवारी दोघं नोंदवही घेऊन बसले. धाकटीनं बाबा गेल्यापासून यातलं एकही वाक्य पुरतं ऐकलेलं नव्हतं. काचेबाहेर आवाज यायचा नाही, आणि पडद्यावर तर नुसती रेघ. भोंग्यानं पहिलं वाक्य लावलं. बाबा खोलीत आले.

'एक,' असं त्यांनी आधी म्हटलं. आणि मग वाक्य.

नोंदवहीत कारणांचे रकाने छापलेले होते: बाहेरचा आवाज, उच्चार, यंत्र, इतर. धाकटीनं 'इतर'मध्ये लिहिलं, 'वाचनात सूचना'.

"सूचना?" भोंगा पुटपुटला. "नोटीस लावल्यासारखं वाटतंय. गुरुजी कुठं सूचना देत होते?"

"मग काय लिहू?"

"मदत लिहा. आखूडही आहे. एकशे ब्याण्णव वेळा लिहायचंय."

तिनं 'मदत' लिहिलं. दुसऱ्याला 'मदत'. तिसऱ्याला. जिथं थांबले नव्हते तिथंही, कारण न थांबणं हीसुद्धा खूणच. दहाव्यानंतर हात आपोआप चालू लागला. पत्त्याचं वाक्य आलं, खेळातल्या पत्त्याआधी बाबा थांबले. अंकाचं आलं, नाटकाच्या अंकाआधी थांबले. भोंगा मध्येच म्हणायचा, "आता बघा, आता थांबतील," आणि ते थांबायचे. पन्नासाव्याला दोघांना हसू आलं. हसून झाल्यावर धाकटीनं चष्मा पुसला. भोंग्यानं तेवढ्यात वायर नीट केली, जी नीटच होती.

मंगळवारी उरलेली. एकशे एकसष्टपर्यंत 'मदत'. मग तिसऱ्या दुपारची वाक्यं लागली.

'त्यात रस उरला नव्हता, म्हणून त्यानं ती फोड टाकून दिली.' बाबा 'रस'च्या आधी थांबले. धाकटीनं पेन टेकवलं.

"इथं नको," भोंगा म्हणाला.

"थांबलेत की."

"थांबलेत. पण ही मदत नाही." त्यानं ते पुन्हा लावलं. "आणि 'म्हणून'नंतरही थांबलेत. 'टाकून'नंतरही. हे बघा, पुढचं."

पुढच्यातही. त्याच्या पुढच्यातही. अर्थाशी काही संबंध नसलेल्या जागी, दोन शब्दांच्या मध्ये, कधी शब्द पुरता व्हायच्या आत. आवाज तोच होता, नेटका, प्रत्येक अक्षर स्वच्छ. फक्त वाक्याच्या शेवटी तो किंचित घाईनं खाली बसत होता, उभं राहायचा कंटाळा आल्यासारखा.

भोंगा यंत्राकडे बघत म्हणाला, "दोन वाक्यांमधला भाग मी कापायचो ना, त्या दिवशी बराच कापावा लागला. प्रत्येक वाक्यानंतर दम खात होते. विचारलं, गुरुजी, उद्या करू या का उरलेली? तर म्हणाले, छे, एवढी तर राहिलीत."

"मला बोलला नाहीत तुम्ही."

"तुम्ही काचेपलीकडेच होतात. कानाला लावून बसला होतात. मला वाटलं, तुम्हाला ऐकू येतंय."

ऐकू तर आलं होतं. तिला तो दिवस लख्ख आठवत होता. कानाला हेडफोन, हातात खुणांचा कागद. बाबा आज जरा जास्तच जपून वाचताहेत, असं तिच्या मनात आलं होतं. शेवटची वाक्यं अवघड होती, म्हणून. तिनं खुणा केल्या होत्या: ठीक, ठीक, ठीक. त्यानंतर दोन महिने कुणीही डॉक्टरकडे गेलं नव्हतं.

"काय लिहू?" तिनं विचारलं.

भोंग्यानं वही तिच्याकडे सरकवली. तिनंच लिहिलं, 'दम'. मग पुढचं वाक्य, पुन्हा 'दम'. एकतीस वेळा लिहिलं. वरच्यासारखंच अशी खूण करून भागलं असतं, पण तिनं प्रत्येक वेळी दोन्ही अक्षरं काढली. प्रत्येक वाक्य शेवटपर्यंत ऐकलं. भोंग्यानं एकेका ओळीपुढं सही केली, न वाचल्यासारखी. एकशे ब्याण्णव संपलं तेव्हा यंत्र थोडा वेळ तसंच चालत राहिलं, मग त्यानं बंद केलं.

"चहा आणतो," तो म्हणाला आणि बराच वेळ आला नाही.

धाकटी बाहेर येऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसली. ताईचा फोन आला तो तिथंच. करू नकोस, सांगू नकोस म्हणणारी ताई आठव्या दिवशी स्वतःच फोन करत होती.

"काय केलंस?"

"बाद केली."

"सगळी?"

"सगळी. पण पुसायची नसतात. कपाटात राहतात. तुला देता येतील, मी मॅडमना विचारलंय."

पलीकडून शटरचा आवाज आला. ताईनं दुकान चालू असताना शटर अर्धं ओढलं असावं.

"कारण काय लिहिलंस? लिहावं लागतं ना काहीतरी?"

"लिहिलं, मदत. ऐकणाऱ्यांना मदत करत होते."

ताई हसली. नाक ओढत हसली, पण हसली. "म्हातारा ऐकायचा नाही. माझ्या दहावीच्या परीक्षेला खिडकीबाहेर उभे राहिले होते, आठवतंय? पर्यवेक्षकांनी हाकललं होतं." मग तिनं विचारलं, "शेवटपर्यंत केली मदत?"

धाकटी थांबली.

"हॅलो? गेलीस का?"

"आहे. हो, शेवटपर्यंत केली."

"मग गप्प का झालीस?"

"काही नाही गं. जिना चढतेय," ती म्हणाली. ती बाकावरच बसलेली होती.

"सावकाश चढ मग," ताई म्हणाली. कुणीतरी शटरवर टकटक केली, म्हणून तिनं फोन ठेवला.